बाबांची इंडिका स्क्रॅपला दिली: नाशिकजवळच्या रजिस्टर्ड सेंटरचा अनुभव (साडेतीन स्टार)

आधीच सांगून टाकतो, भंगारवाला देत होता त्यापेक्षा जवळपास सात हजार कमी मिळाले. ज्यांना तेवढंच बघायचं होतं त्यांचं काम झालं. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण मी शोधत होतो तेव्हा मराठीत कुणी नीट लिहिलेलं सापडलं नाही, जिकडे बघावं तिकडे "जुनी द्या नवी घ्या" टाइपचे व्हिडिओ. सेंटरचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, चांगलं-वाईट दोन्ही लिहायचंय आणि नंतर मला कुणाचे फोन नकोत. शहरापासून तासाभरावर एमआयडीसीत आहे, परिवहनच्या पोर्टलवर जी रजिस्टर्ड सेंटरची यादी आहे त्यात सापडेल.

गाडी म्हणजे टाटा इंडिका व्ही टू, डिझेल, एमएच १५, नोव्हेंबर २००४ ची. पांढरी होती. सिडकोत आमच्या गेटला लागून वर्षभर एका जागी उभी, पुढचे दोन टायर बसलेले, उन्हाळ्यात आई टपावर जुनी साडी टाकून कुरडया वाळत घालायची आणि बाकी वर्षभर बोनेटवर मांजरं. बाबांनी ती गाडी घेऊन सप्तशृंगीला किती चकरा मारल्या असतील त्याची मोजदाद नाही, त्यामुळे विकायचा विषय काढला की "राहू दे, काय खायला मागते का ती" हे ठरलेलं उत्तर.

विषय निघाला तो एचएसआरपीमुळे. २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती नवी नंबरप्लेट लावा म्हणून गेल्या वर्षभर जी पळापळ चालली होती त्यात मीही बुकिंग करायला बसलो, आणि गाडीची माहिती काढली तर आरसीची मुदत नोव्हेंबर २०२४ लाच संपलेली. पंधरा वर्षं झाली तेव्हा २०१९ ला एजंटकडून पाच वर्षांचं रिन्यूअल केलं होतं, ती पाच वर्षं कधी सरली कळलंच नाही. तेव्हा रिन्यूअलची सरकारी फी होती ६०० रुपये. एप्रिल २०२२ पासून ती ५००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मधे वीस वर्षांच्या पुढच्या गाड्यांना डायरेक्ट १०,०००. वर उशीर झाल्याचे महिन्याला ५००, वर ग्रीन टॅक्स, वर गाडी पासिंगला न्यायची तर आधी ती चालू करा, म्हणजे बॅटरी, टायर, ब्रेकचं काम. मी वहीत मांडून बाबांना दाखवलं. ते म्हणाले एवढ्यात सेकंडहँड स्कूटर येते. तिथे विषय संपला, म्हणजे सुरू झाला.

एक गैरसमज आधी काढून टाकू, कारण आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना हेच वाटतं. पंधरा वर्षं झाली की गाडी स्क्रॅप करावीच लागते असं आपल्याकडे प्रायव्हेट गाडीला नाहीये. ते डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांचं प्रकरण दिल्लीच्या भागातलं, तिथल्या हवेमुळे कोर्टाच्या आदेशाने आलेलं. आपल्याकडे गाडी फिट असेल, फी भरायची तयारी असेल तर रिन्यू करून खुशाल चालवा. पंधरा वर्षांनंतर रिन्यू होतच नाही ते सरकारी गाड्यांचं, १ एप्रिल २०२३ पासून. पण आरसी संपलीय, रिन्यूही करायची नाही आणि गाडी गेटला उभी, याला मात्र आता नियम आहे आणि तो मला अजिबात माहीत नव्हता. जानेवारी २०२५ मधे पर्यावरण खात्याने एंड ऑफ लाइफ व्हेइकल्सचे नियम काढले, १ एप्रिल २०२५ पासून लागू. त्यात आयुष्य संपलेली गाडी कुठली हे लिहिलंय, जिचं रजिस्ट्रेशन आता वैध नाही, जी ऑटोमॅटिक टेस्टिंगमधे अनफिट निघाली, जिचं रजिस्ट्रेशन रद्द झालं, किंवा अपघात, आग, पूर यात गेली म्हणून मालकानेच घोषित केली. आणि अशी झाली की १८० दिवसांच्या आत ती रजिस्टर्ड स्क्रॅपिंग सेंटरला, कलेक्शन सेंटरला किंवा कंपनीने नेमलेल्या ठिकाणी जमा करायची, ही जबाबदारी मालकाची. म्हणजे एप्रिलपासून जरी मोजलं तरी माझे सहा महिने सप्टेंबरअखेर संपलेले आणि मी गेलो नोव्हेंबरमधे. मला कुणी काही विचारलं नाही, पण तुम्हालाही विचारणार नाहीत असं धरून चालू नका. (ट्रॅक्टर, ट्रेलर, पॉवर टिलर, हार्वेस्टर यांना हे नियम लागू नाहीत, दिंडोरी-निफाडवाल्यांनी घाबरू नये.)

आता भंगारवाला. अंबड लिंक रोडला पूर्वी केवढा मोठा भंगार बाजार होता ते जुन्या नाशिककरांना सांगायला नको, २०१७ च्या सुरुवातीला महापालिकेने जेसीबी लावून तो उठवला, पण धंदा थोडाच उठतो, इकडेतिकडे पांगला. मित्राच्या ओळखीचा एकजण घरी येऊन गाडी बघून गेला. बोनेट उघडलं, इंजिनवर टिचकी मारली, खाली वाकून सायलेन्सर बघितला आणि म्हणाला २६ देतो, कॅश, आत्ता उचलतो. मी म्हटलं आरसीचं काय. "आरसी ठेवा ना दादा तुमच्याकडेच, आपल्याला कागद नको." हे ऐकायला किती सोपं वाटतं, पण नीट विचार करा. गाडी तुकडे होऊन गेली आणि सरकारच्या रेकॉर्डला ती अजून तुमच्या बाबांच्या नावावर उभी आहे. उद्या तुमचा चासी नंबर कुठल्या चोरीच्या गाडीवर बसला किंवा नंबरप्लेट कुणी लावून फिरलं तर पोलीस कुणाकडे येणार? मोटार वाहन कायद्यात आधीपासूनच आहे की गाडी नष्ट झाली किंवा कायमची वापराबाहेर गेली तर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं. आपल्याकडे कोण कळवतं.

पण खरं सांगू का, मला कागदापेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. मी अंबडला एका मशीन शॉपमधे क्वालिटीला आहे. आमच्याकडे वापरलेलं ऑइल आणि कूलंट बॅरलमधे भरून, लेबल लावून, अधिकृत रिसायकलरलाच द्यावं लागतं, सोबत मॅनिफेस्ट (कुणाकडून कुणाकडे किती गेलं त्याचा कागद), आणि किती लिटर गेलं त्याची नोंद रजिस्टरला. २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम आहेत, प्रदूषण मंडळाची माणसं येऊन ते रजिस्टर उघडून बघतात. एका बॅरलची नोंद चुकली म्हणून साहेबांची बोलणी खाल्लीत मी. आणि त्याच ऑइलचं भंगारवाल्याला विचारलं की काय करतोस रे याचं, तर म्हणे "सेंट्रिंगवाले घेऊन जातात". बरोबर आहे, स्लॅबच्या प्लेटांना काळं ऑइल फासतात, लाकडाला वाळवी लागू नये म्हणूनही लावतात, आपण सगळ्यांनी बघितलंय. उरलेलं? उरलेलं जमिनीत. पहिल्या पावसात गटारात आणि तिथून नासर्डी नदीत. बॅटरीतलं ॲसिड असंच ओततात, आतलं शिसं कुठल्यातरी भट्टीला जातं, सीटचा फोम आणि वायरी जाळतात कारण जाळलं की तांबं सुटतं. त्या २६ हजारांत हे सगळं धरलेलं असतं, म्हणूनच तो २६ देऊ शकतो.

तर ठरवलं की सेंटरला द्यायची. फोन केला, पहिल्यांदा कुणी उचलला नाही, दुसऱ्या दिवशी एका मॅडमचा उलट फोन आला, बोलणं व्यवस्थित, कागदांची यादी व्हॉट्सॲपला टाकली. ओरिजिनल आरसी, बाबांचं आधार आणि पॅन, कॅन्सल चेक, बाबांची सही असलेला अर्ज. चलन बाकी असेल तर आधी भरा, टॅक्स बाकी नको, गाडीवर बोजा नको. गाडी चोरीची नाही ना हे ते स्वतः एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांच्या, रेकॉर्डला तपासतात. इथपर्यंत छान.

बोजावर गाडी अडली. बाबांनी २००४ ला एका पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं, ते २००८ ला फिटलं, नील दाखला कपाटात आहे, पण आरसीवरून बोजा उतरवायचाच राहिला! एकवीस वर्षं ती ओळ तशीच. २०१९ च्या रिन्यूअलला एजंटने काय केलं देव जाणे. आता पस्तीस नंबरच्या फॉर्मवर त्या पतसंस्थेची सही-शिक्का पाहिजे आणि पतसंस्थेची ती शाखा बंद, मुख्य ऑफिसला जा, तिथला माणूस म्हणतो २००८ चं खातं सिस्टीमला दिसत नाही, जुन्या लेजरला बघावं लागेल, पुढच्या बुधवारी या. तीन बुधवार गेले, तेव्हा कुठे सही मिळाली. यात सेंटरचा काही दोष नाही, त्यांचा स्टार यासाठी कापलेला नाही, पण तुम्ही आज रात्रीच आपली आरसी काढून मागे हायपोथिकेशनच्या, म्हणजे बोजाच्या, जागी काय लिहिलंय ते बघा. गाडी स्क्रॅप करायची नसली तरी बघा.

टोइंग. सेंटरची गाडी फुकट येते, मस्त. सकाळी दहाची वेळ दिलेली, आली दुपारी पावणेतीनला, मी हाफ डे टाकलेला तो पूर्ण गेला. एक स्टार इथेच गेला, अर्धा पुढे सांगतो. ड्रायव्हर मात्र भला माणूस, आईने चहा दिला, टायर बसलेले असताना विंच लावून वर घेताना गेटचा खांब वाचवला त्याने. गाडी हलली तेव्हा खाली फरशीवर ऑइलचा एक मोठा काळा गोल दिसला, वर्षभर ठिबकत होती आणि आम्हाला पत्ताच नाही. बाबा काही बोलले नाहीत, आत जाऊन निरम्याची पुडी आणि खराटा घेऊन आले. आणि मी सेंट्रिंगवाल्यांना नावं ठेवत होतो.

मी मागून बाईकवर गेलो कारण मला बघायचं होतं की नक्की करतात काय. बघू देतात, फक्त हेल्मेट आणि वर ते पिवळं जॅकेट घालायला लावतात. आधी वजनकाटा, ९८० किलो. मग यार्ड. यार्डात दहा-बारा गाड्या लाइनीत, त्यात "महाराष्ट्र शासन" अर्धवट पुसलेली एक जीप, मागच्या सीटवर कुणाचीतरी फाइल अजून तशीच पडलेली. जमीन सगळी काँक्रीटची, माती कुठे दिसली नाही, आणि कडेने चर, तो चर पुढे एका टाकीला जातो जिथे तेल आणि पाणी वेगळं होतं. हे मी मुद्दाम चालत जाऊन बघितलं, टाकी आहे आणि वापरातली आहे, वर तेलाचा तवंग होता.

आता मेन काम. शेडमधे रॅम्पवर गाडी चढवली. सुपरवायझर साताऱ्याकडचा होता, बोलका, प्रत्येक गोष्ट विचारली की सांगायचा. सगळ्यात आधी बॅटरी, काढली आणि ॲसिडने खराब न होणाऱ्या प्लास्टिकच्या ट्रेमधे आडवी न करता सरळ ठेवली. पंधरा-सोळा किलोची ती, त्यात निम्म्याहून जास्त शिसं. बॅटऱ्यांचे वेगळे नियम आहेत २०२२ चे, त्या रिसायकलरलाच जातात. मग डिझेल, टाकीला खालून एक टोकदार नळी भोसकतात, ठिणगी उडू नये म्हणून हवेवर चालणारं मशीन, आमच्या गाडीतून जेमतेम तीन लिटर निघालं. मग इंजिन ऑइल. ते मी बघितलं आणि लाज वाटली, डांबरासारखं, धारच पडेना, पोरगा पाना हातात घेऊन वाट बघत उभा. मग ऑइल फिल्टर काढून उलटा जाळीवर निथळत ठेवला, गियर ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, प्रत्येकाचं ड्रम वेगळं आणि ड्रमवर पिवळं लेबल. एकात एक मिसळलं की पुढे रिसायकलर घेत नाही, हे आमच्याही कंपनीत तसंच.

एसीचा गॅस काढायचं मशीन लावलं. तो आर १३४ ए गॅस हवेत सोडला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त हवा तापवतो, म्हणून तो सिलिंडरमधे ओढून घ्यायचा असतो. मशीनने घरघर करून शून्य दाखवलं. मी म्हटलं साहेब तो २०१७ लाच उडाला, बाबांनी भरलाच नाही परत. तो हसला, म्हणे शंभरातल्या बऱ्याच गाड्यांना हेच, पण मशीन लावून आकडा लिहावाच लागतो. आमच्या गाडीला एअरबॅग नव्हत्या. शेजारच्या रॅम्पवर एका हॅचबॅकची बॅग फोडत होते, लांबून वायर जोडून, सगळ्यांना मागे सरकवलं आणि फाट्कन आवाज, पांढरी पावडर उडाली. तशीच ठेवून कापायला घेतली तर कटरवाल्याच्या तोंडावर फुटायची. भंगार बाजारात ही काळजी कोण घेतं?

सायलेन्सरमधला कॅटकॉन, म्हणजे धूर साफ करणारा डबा, वेगळा काढून वजन करून कुलपात ठेवला, त्यात प्लॅटिनमच्या जातीचे धातू असतात, त्या डब्याला किंमत आहे. (भंगारवाला वाकून सायलेन्सर का बघत होता ते मला तेव्हा कळलं.) टायर वेगळे, त्यांचेही वेगळे नियम. मी विचारलं टायर शेतकऱ्यांना देत नाही का, आमच्या मामांकडे मुरघासाच्या खड्ड्यावर ताडपत्री दाबायला टायरच लागतात. म्हणे तसं देता येत नाही, प्रत्येक टायरचा हिशोब पोर्टलला जातो.

मग मी माझा ठेवणीतला प्रश्न काढला, वापरलेल्या ऑइलचं मॅनिफेस्ट दाखवा. सुपरवायझर दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिला, म्हणे तुम्ही मंडळाकडून आलात का. म्हटलं नाही हो, इंडिकावाला आहे. मग आत ऑफिसमधे नेऊन फाइल दाखवली. मागच्या महिन्याची उचल होती, लिटर, तारीख, गाडी नंबर, घेणाऱ्याचा शिक्का, सगळं जागेवर. याला पैकीच्या पैकी. माझ्या दृष्टीने या सेंटरची सगळ्यात चांगली गोष्ट ती फाइल आहे, रिसेप्शनला एसी आणि सोफा आहे त्यापेक्षा.

काच आणि सीटच्या फोमचं विचारलं तेव्हा मात्र उत्तर गुळमुळीत आलं. काच "जाते", फोम "देतो आम्ही". कुणाला, किती, ते काही सांगता आलं नाही, आणि शेडच्या मागे फोमचा आणि डॅशबोर्डच्या प्लास्टिकचा ढीग होता, पत्र्याखाली पण पावसाची झड लागेल असा. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम यांना गिऱ्हाईक रांगेत असतं, फोमला कोण विचारतो. तो अर्धा स्टार इथे गेला.

शेवटी चासी नंबरचा तुकडा गॅस कटरने कापून काढला, त्यावर टॅग लावला. तो तुकडा स्क्रॅपचं सर्टिफिकेट दिल्यानंतर सहा महिने जपून ठेवावा लागतो त्यांना, कुणी तक्रार केली तर दाखवायला. बाबांना फोटो पाठवला. त्यांचा रिप्लाय, "स्टेपनी काढून घेतली का?" नव्हती घेतली.

पैशाचं आता. ९८० किलोतून प्लास्टिक, काच, टायर वगैरेचे २५ टक्के कापले, राहिले ७३५ किलो, २६ रुपयांनी १९,११० झाले. बाबांच्या खात्यात तिसऱ्या दिवशी जमा, कॅश देतच नाहीत. रेटवर घासाघीस करून बघितली, एक रुपयाही हलला नाही. २५ टक्के वजावट आधी फोनवर सांगितली नव्हती, मॅडम म्हणाल्या होत्या "किलोवर असतं सर", आता किलो म्हणजे किती किलो हे मीच विचारायला पाहिजे होतं का? तुम्ही विचारा, लेखी घ्या.

आणि इथे माझी एक तक्रार आहे, ती या सेंटरपेक्षा एकूण व्यवस्थेवर. त्या नव्या नियमांत गाडी बनवणाऱ्या कंपन्यांवर जबाबदारी टाकलीय, वीस वर्षांपूर्वी त्यांनी ज्या प्रायव्हेट गाड्या विकल्या त्यात जेवढं स्टील होतं त्याच्या ठराविक टक्के स्टील त्यांनी स्क्रॅपिंगमधून परत आल्याचं दाखवायचं, सुरुवातीला ८ टक्के, २०३० पासून १३ आणि २०३५ पासून १८. हे दाखवायचं कसं, तर आमच्यासारख्यांच्या गाड्या कापून सेंटरला जी सर्टिफिकेटं तयार करता येतात ती विकत घेऊन. म्हणजे माझ्या इंडिकाचं लोखंड फर्नेसला विकलं त्याचे पैसे सेंटरला, वर त्याच लोखंडाचं सर्टिफिकेट विकलं त्याचेही सेंटरला. चांगली योजना आहे, ऑइल नीट गोळा करायला, मशीन लावायला खर्च येतो तो कुठूनतरी निघालाच पाहिजे, मान्य. पण मग भंगारवाल्याच्या आणि त्यांच्या रेटमधला फरक माझ्याच खिशातून का? सुपरवायझरला विचारलं तर म्हणे "ते मालकांना माहीत". सात हजार ही रक्कम आमच्या गल्लीत छोटी नाही भो. मी दिली कारण मला परवडलं आणि थोडा माझ्या कामाचा किडा. रिक्षावाला देईल का? तो लिंक रोडलाच जाणार, आणि त्याला बोलायला माझं तोंड होणार नाही.

सर्टिफिकेटं दोन मिळतात, लोक गोंधळतात म्हणून सांगतो. गाडी ताब्यात दिली की सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, ते मला चौथ्या दिवशी मिळालं. नवीन गाडी घेताना हेच दाखवायचं, त्यावर रजिस्ट्रेशन फी माफ आणि रोड टॅक्सला सूट. केंद्राच्या नियमात प्रायव्हेट गाडीला २५ टक्क्यांपर्यंत लिहिलंय, त्यातला "पर्यंत" हा शब्द महत्त्वाचा, प्रत्यक्षात राज्य किती देतं ते बघायचं. सेंटरच्या रिसेप्शनला मोठ्या बोर्डावर "२५ टक्के सूट" असं सरळ लिहिलंय आणि "पर्यंत" शोधायला चष्मा लागतो. आम्हाला सध्या गाडी घ्यायची नाही, ते सर्टिफिकेट दुसऱ्याला ट्रान्सफर करता येतं, चुलतभाऊ घेतोय गाडी, त्याला देऊ. दुसरं ते सर्टिफिकेट ऑफ व्हेइकल स्क्रॅपिंग, गाडी खरंच कापून झाल्यावरचं. ते यायला पाच आठवडे लागले आणि चार वेळा फोन करावा लागला. सिस्टीम डाउन, साहेब सुट्टीवर, बाकी तुम्हाला पाठ असेल. पण आलं, आणि आता ऑनलाइन गाडी नंबर टाकला की रजिस्ट्रेशन रद्द दाखवतं. जाताना फास्टॅग बंद करायचं विसरू नका, आमचा चालूच होता, १४० रुपये पडून.

परत देईन का? हो, देईन. वेळेचं त्यांनी सुधारावं आणि वजावट आधी सांगावी, फोमचा ढीग हलवावा. रॅम्पवरचं काम मात्र चोख आहे, मी दुसऱ्या कंपनीच्या ऑडिटला जातो तसं बघून आलोय.

शेजारच्या काकांची ओम्नी आहे, एलपीजी किटवाली, आमच्याच इंडिकाच्या मागे गेली तीन वर्षं उभी. एलपीजीची टाकी आधी रिकामी करून घ्यावी लागते, ते काम सेंटरवाले करतात असं सुपरवायझरने सांगितलं होतं, ते मी काकांना नंबरासकट कळवलं. काका म्हणाले, "ते ठीक आहे, पण तू आधी तुझ्या त्या भंगारवाल्याला विचार ना, ओम्नीचे किती देतो."